रडारचे बँड : अक्षरं नंतर, आधी सेंटिमीटर

एल, एस, सी, एक्स, केयू, के, केए. रडार शिकायला बसलेला जो तो पहिल्या दिवशी बँडांच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांच्या, नावांची ही माळ पाठ करतो आणि आठवड्याभरात विसरतो. विसरणारच. अक्षरांना ना क्रम, ना अर्थ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ठेवलेली ही सांकेतिक नावं. युद्ध संपलं, नावं मात्र चिकटून बसली.

हे लिहितोय ते ऐरोली-रबाळे-तळोजा पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटेशनला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि पावसाळ्यात मोबाइलवर रडारचं चित्र बघून ऑफिसातून कधी निघायचं ते ठरवणाऱ्यांसाठी. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याची चंगळ अशी की जवळपास प्रत्येक बँडचं काम घरापासून तासाभराच्या आत बघायला मिळतं.

पायरी १ : गिगाहर्ट्झचे सेंटिमीटर करा

कुठल्याही रडारची फ्रिक्वेन्सी कळली की ३० ला त्या गिगाहर्ट्झच्या आकड्याने भागा. उत्तर येईल ती तरंगलांबी, सेंटिमीटरमध्ये. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे १० सेंमी, ९.४ म्हणजे ३.२ सेंमी, ७७ म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. आकडा मेगाहर्ट्झमध्ये असेल तर ३०० ला भागा, उत्तर मीटरमध्ये येईल. ही सवय हाडीमाशी भिनली पाहिजे, कारण पुढचं सगळं या सेंटिमीटरवर चालतं.

आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या प्रमाणानुसार बँड असे :

एचएफ : ३ ते ३० मेगाहर्ट्झ, १०० ते १० मीटर
व्हीएचएफ : ३० ते ३०० मेगाहर्ट्झ, १० ते १ मीटर
यूएचएफ : ३०० ते १००० मेगाहर्ट्झ, १ मीटर ते ३० सेंमी
एल : १ ते २ गिगाहर्ट्झ, ३० ते १५ सेंमी
एस : २ ते ४, १५ ते ७.५ सेंमी
सी : ४ ते ८, ७.५ ते ३.७५ सेंमी
एक्स : ८ ते १२, ३.७५ ते २.५ सेंमी
केयू : १२ ते १८, २.५ ते १.७ सेंमी
के : १८ ते २७, १.७ ते १.१ सेंमी
केए : २७ ते ४०, ११ ते ७.५ मिमी
व्ही : ४० ते ७५, ७.५ ते ४ मिमी
डब्ल्यू : ७५ ते ११०, ४ ते २.७ मिमी

तक्ता टेबलासमोर चिकटवा. पाठ करायच्या भानगडीत पडू नका.

पायरी २ : तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, अँटेना केवढी? झोताची रुंदी अंशांत काढायची तर ७० गुणिले तरंगलांबी, भागिले अँटेनाचा व्यास. दोन्ही एकाच एककात घ्या. एक अंशाचा बारीक झोत हवा असेल तर १० सेंमीच्या लाटेला सात मीटरची डिश लागते, ३.२ सेंमीच्या लाटेला सव्वादोन मीटर पुरते. तिरुपतीजवळ गडंकीला वातावरणाचा वेध घेणारं ५३ मेगाहर्ट्झचं रडार आहे. तरंगलांबी ५.७ मीटर, झोत तीन अंशांचा. गणित करून बघा, अँटेना सव्वाशे-दीडशे मीटरची यायला हवी. खरोखरच तिथे १३० बाय १३० मीटर आवारात १०२४ यागी अँटेना (जुन्या टीव्हीच्या गच्चीवरच्या अँटेनासारख्या) उभ्या आहेत. हे रडार बांधणारी समीर ही संस्था आपल्याच भागातली, पवईला आणि खारघरला तिची केंद्रं आहेत.

दुसरा प्रश्न, वाटेत काय आहे? खाडीतली लाट पाण्यात रोवलेल्या बांबूला दाद देत नाही, धक्क्याच्या भिंतीवर मात्र आपटून परत येते. रेडिओलहरींचंही तेच : लाटेच्या मानाने वस्तू फारच लहान असेल तर परतावा, म्हणजे उलटून येणारी लहर, नगण्य. पावसाचा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा. १० सेंमीच्या लाटेला तो किस झाड की पत्ती, ३ सेंमीच्या लाटेला दखल घ्यावीच लागते. लहान थेंबांकडून येणारा परतावा तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे तरंगलांबी एक तृतीयांश केली की थेंब ऐंशीपट जास्त चमकतात. त्यात हवेचा स्वतःचा हिशोब वेगळा : पाण्याची वाफ २२.२ गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी शोषते, ऑक्सिजन ६० च्या आसपास. महायुद्धात सव्वा सेंटिमीटरचं, म्हणजे २४ गिगाहर्ट्झचं रडार मोठ्या उमेदीने बनवलं गेलं आणि दमट हवेत त्याचा पल्ला आखडला. कोकणपट्टीत राहणाऱ्याला दमट हवा म्हणजे काय ते सांगायला नको. के बँडचे खालचा केयू आणि वरचा केए असे तुकडे पडले ते या वाफेमुळेच.

तिसरा प्रश्न, बारकावा किती हवा? दोन वस्तू एकामागे एक असतील तर त्या वेगळ्या दिसायला किती अंतर लागतं, हे ठरतं रडार किती रुंद फ्रिक्वेन्सीपट्टा वापरतं त्यावर. १५० मेगाहर्ट्झला १ मीटर, १ गिगाहर्ट्झला १५ सेंमी. रुंद पट्टा वरच्या बँडांत सहज मिळतो. खाली रेडिओ, टीव्ही, मोबाइल सगळे दाटीवाटीने बसलेले.

पायरी ३ : जहाजं बघा

सुरुवात न्हावा-शेव्याच्या बाजूने करा. मांडव्याच्या बोटीतून जाताना किंवा उरणच्या किनाऱ्यावरून दुर्बीण लावली तरी चालेल. मोठ्या कंटेनर जहाजाच्या ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीच्या वर, डोलकाठीवर दोन आडव्या दांड्या गरगर फिरताना दिसतात. नीट बघितलं तर एक दांडी दुसरीपेक्षा चांगलीच लांब असते. लांब ती बहुधा बारा फुटी, एस बँडची, ३ गिगाहर्ट्झ. आखूड ती सहा ते आठ फुटी, एक्स बँडची, ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. पायरी २ चं सूत्र लावा : बारा फुटी एस बँडचा झोत दोन अंशांच्या जवळ, आठ फुटी एक्स बँडचा एक अंशाच्या आत. आखूड असूनही एक्स बारीक बघतो.

मग एसचं ओझं वाहायचं कशाला? जुलैत बंदराबाहेर धो-धो पाऊस सुरू झाला की एक्स बँडचा पडदा पावसाच्या धब्ब्यांनी भरतो आणि त्यात लहान बोट हरवते. 'रेन क्लटर'चं बटण फिरवून पाऊस दाबला तर पावसाबरोबर बोटही दाबली जाते. अशा वेळी अधिकारी १० सेंमीकडे वळतो. ३०० टनांच्या वरच्या जहाजाला ९ गिगाहर्ट्झचं रडार आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. ३००० टनांच्या वर गेलं की दुसरं रडारही हवं, ते सहसा ३ गिगाहर्ट्झचं असतं. एक्सची सक्ती का, तर संकटात सापडलेल्या बोटीवरचं शोध-प्रतिसादक यंत्र ९ गिगाहर्ट्झच्याच रडारला उत्तर देतं.

लाकडी आणि फायबरच्या मच्छीमार बोटी कुठल्याही बँडला फिक्याच दिसतात. म्हणून काठीच्या टोकाला पत्र्याचा काटकोनी परावर्तक बांधतात. तीन पत्रे एकमेकांशी काटकोनात जोडले की लहर आली तशी परत जाते. खर्च किरकोळ, आणि जीव वाचवणारी चीज.

पायरी ४ : पावसाचं चित्र वाचायला शिका

हा भाग सावकाश वाचा, कारण रोजच्या उपयोगाचा हाच.

मुंबईत हवामान खात्याची दोन मुख्य डॉपलर (पावसाबरोबर वेगही मोजणारी) रडारं आहेत : कुलाब्याला एस बँडचं, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेलं वेरावलीचं, सी बँडचं. खात्याच्या 'मौसम' संकेतस्थळावर रडार विभागात मुंबई निवडली की चित्रं दिसतात. तिथे नवखा माणूस आधी वेळेत फसतो. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. दुपारी चारला उघडलेल्या चित्रावर १०:३० दिसलं तर ते ताजं आहे.

चित्रांचे प्रकार बरेच. 'मॅक्स झेड' उभ्या थरातला सगळ्यात जोरकस परतावा दाखवतं. ढग किती उंच गेलेत ते बाजूच्या पट्ट्यांत कळतं. 'पीपीआय झेड' एका ठरावीक कोनातला छेद. 'एसआरआय' जमिनीवर तासाला किती मिलिमीटर पडत असेल त्याचा अंदाज, आणि ऑफिसातून निघायचा निर्णय घ्यायला मला तरी हेच बरं वाटतं. 'पीपीआय व्ही' मध्ये रंग पावसाचा नसतो, वाऱ्याचा असतो : थेंब रडारकडे येतायत की दूर जातायत. त्याला पावसाचा नकाशा समजून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

पावसाच्या चित्रातले रंग परताव्याचा जोर दाखवतात, त्याचं एकक डीबीझेड. प्रचलित सूत्रानुसार ३० डीबीझेड म्हणजे तासाला अडीच-तीन मिमी, ४० म्हणजे अकरा-बारा, ५० म्हणजे पन्नासच्या आसपास. पण हे सूत्र आपल्या पावसाला जरा कमीच माप देतं. मॉन्सूनमध्ये थेंब लहान आणि संख्येने भरपूर असतात. परतावा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर जातो, म्हणून मोजके मोठे थेंब असतील तर रडारला भारी वाटतात, आणि बारक्या थेंबांची मुसळधार कमी लेखली जाते. ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात उलटं. एकाच रंगाखाली जुलैत जास्त पाणी तुंबतं, त्याचं एक कारण हे.

आता बँड. मुंबईसाठी एस बँडच का, याचं उत्तर एका हिशोबात आहे. तासाला ५० मिमीच्या पावसातून जाऊन-येऊन एक्स बँडचे किलोमीटरमागे साधारण दोन ते तीन डेसिबल खर्ची पडतात. असा पट्टा दहा किलोमीटर जाडीचा असेल तर वीस-तीस डेसिबल, म्हणजे शंभर ते हजारपट घट. पट्ट्याच्या पलीकडे पाऊस असला तरी चित्रात कोरडं दिसणार. एस बँडचं नुकसान त्याच पावसात शंभरपट कमी, जवळजवळ नाहीच. सी बँड मधला. म्हणून दोन चित्रं शेजारी ठेवून बघा : जोराच्या सरीमागे सी बँडचा रंग अचानक फिका पडत असेल आणि एस बँडचा नसेल, तर पाऊस कमी झालेला नाही, लहर दमलीय.

मग एक्स बँड बाद? मुळीच नाही. त्याची अँटेना लहान, किंमत कमी, बारकावा चांगला. अट एवढीच की त्याच्याकडून पन्नास-साठ किलोमीटरच्या आतलंच काम घ्यायचं, आणि एकाऐवजी तीन-चार लावून एकाची आंधळी बाजू दुसऱ्याने बघायची.

वाऱ्याच्या बाबतीतही लांब लाट सरस. रडार सेकंदाला १००० स्पंद (पल्स) सोडत असेल तर त्याचा निःसंदिग्ध पल्ला, म्हणजे जिथवरचं अंतर गोंधळाशिवाय कळतं तो, १५० किमी. तेवढ्याच स्पंदांत १० सेंमीच्या लाटेला सेकंदाला २५ मीटरपर्यंतचा वेग सरळ मोजता येतो, ३.२ सेंमीच्या लाटेला फक्त ८ मीटरपर्यंत. त्यापुढे आकडा गुंडाळला जातो आणि जवळ येणारा वारा दूर जाणारा दिसतो. स्पंद वाढवले तर वेगाची मर्यादा वाढते, पल्ला मात्र घटतो. चक्रीवादळाच्या वाऱ्यासाठी किनाऱ्यावर एस बँड बसवतात त्यात हेही आलं.

ठाणेकरांनी डोंगर विसरू नयेत. कुलाब्यापासून ठाणं-पनवेल तीस-पस्तीस किलोमीटर. अर्ध्या अंशाने वर धरलेला झोत इथे साडेतीनशे मीटर उंचीवर असतो, म्हणजे आपलं खालचं आकाश बऱ्यापैकी दिसतं. माथेरानच्या रांगेला तो धडकतो. २०० किलोमीटरवर तोच झोत चार किलोमीटर उंच गेलेला असतो, तेव्हा घाटापलीकडचा बुटका पाऊस त्याच्या खालून निसटतो. आणि कोरड्या दिवशीही सह्याद्रीच्या जागी न हलणारे ठिपके दिसले तर तो पाऊस नाही, डोंगर आहे. चार चित्रं एकामागून एक बघा. पाऊस सरकतो, माथेरान सरकत नाही.

पायरी ५ : वर बघा

ठाण्यावरून मुंबईला उतरणारी विमानं जातातच, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे उलवे-पनवेलकरांचंही आकाश गजबजणार. विमानतळाजवळचं सर्व्हेलन्स रडार २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर, एस बँडमध्ये. लांब पल्ल्याचं हवाई मार्गाचं रडार एल बँडमध्ये, १.२ ते १.४ च्या दरम्यान. लांबवर बघायचं, पावसाने अडायचं नाही, मोठी अँटेना परवडते, म्हणून लांब लाट. विमानाच्या नाकात बसतं ते हवामान रडार एक्स बँडचं, कारण नाकात सात मीटरची डिश मावत नाही.

फिरत्या मोठ्या अँटेनाच्या डोक्यावर एक चपटी पट्टी दिसते. ते दुय्यम रडार. ते परताव्याची वाट बघत नाही, १०३० मेगाहर्ट्झवर विमानाला सवाल करतं आणि विमानातलं ट्रान्सपाँडर १०९० वर चार आकडी कोड आणि उंची कळवतं. कोडमध्ये ८ आणि ९ नसतात, म्हणून एकूण ४०९६ च कोड. मोबाइलवरची विमानं दाखवणारी ॲप याच १०९० मेगाहर्ट्झवरचं, विमानाने आपणहून प्रसारित केलेलं स्थान वापरतात. बाल्कनीतून विमान बघा, ॲपमधली उंची बघा, एल बँडशी ओळख झाली.

विमानाच्या पोटातही एक रडार असतं, जमिनीपासूनची उंची मोजणारं, ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर. ३.३ गिगाहर्ट्झच्या वरचं ५जी त्याच्या शेजारी येऊन बसल्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत त्या पट्ट्यातले टॉवर उभारू नका असं कंपन्यांना कळवलं होतं. विमानतळाजवळ ५जीची काडी कमी का, याचं एक कारण तिथे सापडेल.

लष्करी रडारांवर इथे फार बोलत नाही. उघड माहितीतली तीन नावं पुरेत : आकाश सर्वेक्षणाचं रोहिणी एस बँडचं, तोफगोळा कुठून आला ते शोधणारं स्वाती सी बँडचं, लढाऊ विमानाच्या नाकातलं उत्तम एक्स बँडचं. लांब बघणारं, मधलं, नेमकं बघणारं. क्रम तोच.

पायरी ६ : टाकीवर चढा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आणि तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांत रडार म्हणजे टाकीच्या डोक्यावर नोझलवर बसलेला लेव्हल ट्रान्समीटर. खाली लहर सोडायची, द्रवावरून परत आली की वेळेवरून पातळी, आणि ती पातळी ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या विद्युतप्रवाहाच्या रूपात (लूप) कंट्रोल रूमला. बाजारात तीन फ्रिक्वेन्सी : ६, २६ आणि ८० गिगाहर्ट्झ. नव्याला कंपनीच्या माहितीपत्रकात ८० च्या गुणगानाशिवाय काही दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

८० मिलिमीटरची अँटेना धरा. २६ ला झोत दहा अंशांचा, ८० ला सव्वातीन. दहा मीटर खोल टाकीच्या तळाशी पहिल्याचा डाग पावणेदोन मीटरचा, दुसऱ्याचा साठ सेंटिमीटरच्या आत. टाकीत ॲजिटेटर (ढवळणी) आहे, कॉइल आहे, शिडी आहे, तर ८० त्यांना न शिवता मधून उतरतो. अरुंद जुन्या नोझलमध्येही तोच बसतो. पण फेसाचा थर असेल तर पारडं फिरतं. चार मिलिमीटरच्या लाटेला फेस आणि दाट वाफ जास्त जाचते, तिथे २६ किंवा ६ टिकतात. फेस फारच असेल तर गाइडेड वेव्ह, म्हणजे दांडीवरून किंवा दोरावरून लहर खाली नेणारा प्रकार.

द्रवाचा परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, द्रव किती लहर परतवेल ते ठरवणारा आकडा) विचारल्याशिवाय फ्रिक्वेन्सी ठरवू नका. पाणी परतावा झक्क देतं. हेक्झेनसारख्या द्रावकाचा आकडा २ च्या आसपास, तिथे पडलेल्या शक्तीचा जेमतेम तीन टक्के भाग परत येतो. बाकीची लहर द्रवातून आरपार जाऊन टाकीच्या तळावरून उलटते, आणि टाकी रिकामी होत आली की ट्रान्समीटर तळालाच पातळी समजू शकतो.

बसवण्याच्या जागेचं शास्त्र फार नाही, पण चुकतं तिथेच. घुमटी टाकीच्या बरोबर मधोमध नको, कारण घुमट परतावे एकवटून दोनदा-तीनदा फिरवतो. भिंतीला चिकटून नको. भिंतीपासून व्यासाच्या साधारण एक षष्ठांश अंतर ठेवतात. भरण्याच्या धारेच्या वर तर नकोच नको. मग टाकी रिकामी असताना इको कर्व्ह, म्हणजे कुठल्या अंतरावरून किती परतावा येतो त्याचा आलेख, उघडा, खोटे परतावे दिसतात ते मॅपिंग करून दाबा, आणि त्या कर्व्हची प्रत ठेवा. सहा महिन्यांनी पातळी उड्या मारायला लागली की पहिला कर्व्ह काढून शेजारी धरायचा. नवीन खोटा परतावा आला असेल तर अँटेनावर थर साचलाय किंवा आत काही तुटून लोंबतंय. शटडाउनमध्ये टाकी उघडायच्या आधीच तुम्हाला अंदाज असतो.

पायरी ७ : रस्ता आणि बंपर

रडारवाली स्पीड गन बहुधा २४ गिगाहर्ट्झच्या आसपास किंवा केए बँडमध्ये चालते. हायवेला दिसणारी प्रत्येक गन रडारची नसते, कित्येक लेझरच्या असतात. पाम बीच रोडवर कुठली आहे ते गाडीतून ओळखण्यापेक्षा वेग कमी ठेवणं स्वस्त.

नव्या गाड्यांतल्या 'एडास'चं, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचं, रडार ७७ गिगाहर्ट्झवर. आपल्याकडे ७६ ते ७७ हा पट्टा अशा कमी शक्तीच्या रडारला परवान्याशिवाय खुला आहे. सहा सेंटिमीटरच्या अँटेनाला साडेचार अंशांचा झोत मिळतो, म्हणून ते बंपरमागे मावतं. त्यातून एक घरगुती सूचना निघते : बंपरला ठोकर बसली आणि नेहमीच्या गॅरेजमध्ये जाड पुट्टी मारून धातूमिश्रित रंग दिला, तर चार मिलिमीटरच्या लाटेला तो थर जाणवतो. रडारच्या जागेवरची दुरुस्ती कंपनीच्या सूचनेप्रमाणेच करून घ्या, आणि नंतर कॅलिब्रेशन झालं का ते विचारा.

पायरी ८ : जमिनीखाली, आणि उपग्रहातून

रस्ता खोदण्याआधी केबल-पाइप शोधायला ढकलगाडीसारखं यंत्र फिरवतात. ते जीपीआर, म्हणजे जमिनीत शिरणारं रडार, साधारण १०० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ. खोल जायचं तर लांब लाट. पण खाडीकाठची खारट, ओली भरावाची माती लहर गिळून टाकते, त्यामुळे कोरड्या मुरुमात मिळणारी खोली इथे अपेक्षू नका.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर एकाच वेळी दोन बँड आहेत : नासाचा एल, सुमारे २४ सेंमी, आणि इस्रोचा एस, साडेनऊ सेंमीच्या आसपास. १२ मीटरचा परावर्तक, दर १२ दिवसांनी तीच जागा. ठाणे खाडीच्या कांदळवनावर हे बँड ताडून बघण्यासारखे आहेत. युरोपच्या सेंटिनेल-१ किंवा आपल्या ईओएस-०४ चा सी बँड, ५.६ सेंमी, बहुतेक पानांच्या छतावरच विखुरतो. २४ सेंमीची लाट पानांतून आत शिरते, खोडावर आणि खालच्या पाण्यावर अशी दोनदा आपटून उपग्रहाकडे वळते. भरतीचं पाणी झाडांखाली आलं की एल बँडमध्ये कांदळवन उजळतं. उघडं संथ पाणी मात्र सगळ्याच बँडांत काळं, कारण ते लहर आरशासारखी पलीकडे फेकतं.

पुराच्या वेळी याची किंमत कळते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा आकाश ढगांनी गच्च होतं. अशा दिवशी कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली पांढरा कापूसच दिसतो, सी बँड किंवा एल बँड ढगाला मोजत नाही.

पायरी ९ : घरातला राउटर

सी बँडची करामत घरबसल्या बघता येते. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचं चॅनल स्वयंचलितवरून १०० वर न्या. बऱ्याच राउटरांत वायफायचं नाव सुमारे एक मिनिट गायब होतं. बिघडला नाही, कान देऊन बसलाय. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनलांच्या पट्ट्यात रडारंही असतात, म्हणून राउटरने आधी मिनिटभर ऐकायचं, आणि रडारचे स्पंद ऐकू आले तर चॅनल सोडायचं. १२० ते १२८ ही चॅनलं ५.६ गिगाहर्ट्झच्या हवामान रडारांच्या अंगणातली. तिथे वाट आणखी लांब असू शकते. वायफाय मधूनच तुटत असेल तर ३६ ते ४८ मध्ये या.

पायरी १० : अक्षरांचे सापळे

आता अक्षरांकडे वळायला हरकत नाही. लष्करी माहितीत दुसरीच वर्णमाला भेटते : १ ते २ गिगाहर्ट्झ म्हणजे डी, २ ते ४ म्हणजे ई आणि एफ, ४ ते ८ म्हणजे जी आणि एच, ८ ते १० म्हणजे आय, १० ते २० म्हणजे जे. 'ई/एफ बँडचं रडार' वाचलं तर ते एस बँडचंच. टेलिकॉमवाले ३.३ ते ४.२ ला सर्रास सी बँड म्हणतात, त्यातला बराच भाग रडारवाल्यांच्या एसमध्ये पडतो. वाद घालू नका, गिगाहर्ट्झ विचारा आणि ३० ला भागा.

पायरी ११ : हातात घ्या

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, काहीशे रुपयांत डॉपलर मॉड्यूल मिळतं : १०.५२५ गिगाहर्ट्झचं एक्स बँडचं, किंवा २४ गिगाहर्ट्झचं. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांवरही कित्येकदा असंच असतं. घेण्याआधी त्या फ्रिक्वेन्सीला आणि शक्तीला आपल्याकडे परवान्याची सूट आहे का, ते दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ-परवाने बघणाऱ्या शाखेच्या नियमांत बघा. शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर किंवा मोठी अँटेना जोडायच्या फंदात पडू नका. नुसतं ऐकण्याची आणि लहरी सोडण्याची गोष्ट कायद्यात एक नाही.

मॉड्यूलचं आउटपुट ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला द्या. समोरची वस्तू जवळ किंवा दूर जात असेल तर वेगाप्रमाणे सूर ऐकू येतो : १०.५२५ ला ताशी एक किलोमीटर वेगामागे १९.५ हर्ट्झ, २४.१२५ ला ४४.७ हर्ट्झ. ताशी पाच किलोमीटरने चालत या : पहिल्यावर शंभराच्या आतला घुमा आवाज, दुसऱ्यावर सव्वादोनशेच्या आसपास. तेच चालणं, लाट आखूड, सूर वर.

मग मॉड्यूलच्या रोखाने सरळ न येता तिरकं चाला. सूर उतरेल, कारण रडार फक्त आपल्याकडे येणारा वेगाचा भाग मोजतं. तीस अंश तिरकं गेलात तर आकडा साडेतेरा टक्क्यांनी कमी येईल. बरोबर आडवं चाललात तर जवळजवळ शून्य. शेवटी छताचा पंखा सुरू करा, स्टुलावर उभं राहून मॉड्यूल पात्यांच्या पातळीत बाजूने धरा, हात पात्यांपासून लांब ठेवा. एकच सूर ऐकू येणार नाही, खर्जापासून वरपर्यंत पसरलेली खरखर येईल : मधला भाग हळू, पात्याचं टोक वेगात. मोबाइलवर स्पेक्ट्रमचं ॲप लावा, खरखर कुठल्या फ्रिक्वेन्सीला संपते ते वाचा, ४४.७ ने (१०.५२५ चं मॉड्यूल असेल तर १९.५ ने) भागा, तो टोकाचा ताशी वेग, आणि पंख्याच्या व्यासावरून मिनिटाला किती फेरे होतायत ते काढा. रेग्युलेटर एक घर खाली आणून पुन्हा मोजा.